लाखेने बसवलेले चाक

६ मे १९४६, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. काकांच्या लॉरीचे मागचे उजवे चाक याच वेळी फिरेनासे झाले. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण मी घड्याळ हातात घेऊनच पुढच्या आसनावर बसले होते. सालेकशाहून दुपारी चार चाळीसला सुटणारी गाडी मला गाठायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत सहायकाच्या जागेसाठी माझी मुलाखत होती, आणि बोलावलेल्या उमेदवारांत मी एकटीच स्त्री होते. पुरुष उमेदवार उशिरा आला तर त्याला विसरभोळा म्हणतात. बाई उशिरा आली तर काय निष्कर्ष निघेल, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती.

स्टेशन अकरा मैलांवर होते. नऊ तास आधी निघणे हास्यास्पद आहे असे काकूंचे म्हणणे होते. परंतु लॉरी लाखेची पोती घेऊन सकाळीच जाणार होती, आणि मला घरात वाट पाहण्यापेक्षा फलाटावर वाट पाहणे परवडणारे होते. निदान तिथे रूळ तरी दिसतात.

ड्रायव्हरने इंजिन चालू केले, गिअर टाकला. लॉरी हलली नाही. त्याने जोर वाढवला तेव्हा ती हातभर पुढे सरकली, आणि उजव्या चाकाने न फिरताच अंगणात एक सरळ चर काढला. मग आत काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. त्याने इंजिन बंद केले आणि खाली उतरून चाकासमोर उकिडवा बसला. तो गोंदियाचा, पन्नाशीचा, आणि काकांशी भांडल्याखेरीज त्याचा दिवस सुरू होत नसे.

"चक्का जाम है, सेठ. अंदर कुछ टूटा."

"काल तं नवरदेवावानी आली!" काका म्हणाले. "रातभरात काय झालं तिले?"

"कल घाट उतरी थी, ब्रेक पे ब्रेक. आज रूठ गई."

"बाई आहे का ते, रुसाले?"

"बाई होती तो मनाने से मान जाती."

ही लॉरी म्हणजे पुढे दोन माणसांची खोली आणि मागे उघडी लाकडी पेटी अशी जुनी, लहान गाडी. काकांनी ती युद्धाआधी एका जंगल ठेकेदाराकडून घेतली होती. युद्धाच्या काळात तिला लागणारा कोणताही भाग मिळेना, तेव्हा जे जे मोडले ते ते गावात मिळेल त्या वस्तूने दुरुस्त झाले. कोणत्या वस्तूने, याची चौकशी मी तोपर्यंत केली नव्हती.

चाक काढले. त्यामागे हब दिसला. चाकाचा लोखंडी गाभा, ज्याला ब्रेकचा ड्रम जोडलेला असतो. आसाचे टोक निमुळते असते आणि हब त्याच्यावर घट्ट चढवलेला असतो. दोघांनी एकत्र फिरावे म्हणून मध्ये चौकोनी लोखंडाची एक चावी ठोकलेली असते. बिघाड ड्रमच्या आत होता. तिथे पोचायचे तर हब काढावा लागणार होता.

हब निघेना. ड्रायव्हरने आसाचा नट सैल केला आणि हब ओढून काढायचा तीन पायांचा पुलर लावला. त्याच्या मधल्या स्क्रूला पाना लावून तो आणि काका दोघे लोंबकळले. पुलरचा एक पाय वाकला. मग ड्रायव्हरने घण उचलला. मी त्याला थांबवून नट आसाच्या टोकाशी बरोबर येईल इतका परत चढवायला लावला. आटे चेपले असते तर पुढचे सगळेच संपले होते. त्याने माझ्याकडे पाहिले, नट चढवला आणि घाव घातले. प्रत्येक घावाला अंगणातल्या कोंबड्या उडत होत्या. हब जागचा हलला नाही.

काका घाम पुसत पायरीवर बसले. "जाऊ दे न माय. पुढच्या साली जाजो. नोकरी कोठं पळून राहिली?"

"नोकरीच पळते, काका. बाकी सगळे जागेवर राहते."

ते हसले. मला हसू आले नाही. पुढच्या वर्षी ती जागा भरलेली असणार, आणि माझ्यासाठी स्थळे पाहण्याचा विषय, जो या मुलाखतीमुळे तात्पुरता मिटला होता, तो पुन्हा काढला जाणार, हे त्यांना आणि मला सारखेच ठाऊक होते.

मी अंगणात येरझारा घालत विचार केला. लोखंड तापले की प्रसरण पावते. हब बाहेरून झपाट्याने तापवला आणि आतला आस त्या मानाने थंड राहिला, तर हबचे भोक रुंदावेल. मनातल्या मनात गुणाकार केला: शंभर अंशांच्या फरकाला फार तर केसाच्या निम्म्या जाडीइतके. पण निमुळत्या बैठकीला तेवढे पुरे असते. मी हा विचार बोलून दाखवला तेव्हा ड्रायव्हर आधीच रॉकेलचा ब्लोलँप पेटवत होता.

"लाल कर देता हूँ, बिटिया. फिर देखो."

निळी ज्योत हबवर सुरसुरू लागली. मी जवळ बसून पाहत होते. दोनेक मिनिटांत एक वास आला. तो ग्रीसचा नव्हता, जळत्या रंगाचाही नव्हता. टपालाच्या थैलीवर मोहर लावताना येतो तसा गोडसर, राळेसारखा वास होता. मग हब आणि आस यांच्या सांध्यातून एक काळपट तांबडा थेंब फुगून आला आणि जागीच करपला.

"बंद करा! ज्योत बंद करा!"

ड्रायव्हर दचकला. "क्यों? जल गया क्या?"

"काका, आत लाख आहे का?"

काकांनी एकदा माझ्याकडे, एकदा हबकडे पाहिले; आणि त्यांच्या चेहऱ्यावर अपराधापेक्षा कौतुक जास्त होते. "हो. मीच तं बसवलो. दोन सालाआधी चावी घासून गेली, हब लडबड करून राहिला. भाग भेटत नव्हता. मंग लाख पातळ केलो आन् भरून देलो. आपण इळा नाही बसवत का मुठीत?"

आमच्याकडे विळ्याचे टोक लाकडी मुठीत बसवायचे ते वितळलेल्या लाखेने. मुठीतल्या भोकात लाख भरायची, टोक तापवून आत खुपसायचे; गार झाले की तो विळा नातवाच्या हातीही हलत नाही. काकांचा जन्म लाखेच्या धंद्यात गेला होता. दोन वस्तू एकमेकींत पक्क्या बसवायच्या म्हटल्यावर त्यांना दुसरे काही सुचणे शक्य नव्हते.

ड्रायव्हरने ब्लोलँप खाली ठेवला. "सेठ. ये गाड़ी है. इळा नाय है."

"दोन साल चालली ना?"

"मेरे को बोले भी नहीं! मैं दो साल से लाख पे घाट उतर रहा हूँ!"

"सांगितलो असतो तं तू उतरला असता का?"

त्यांचे भांडण चालू राहिले. मला आता सगळी साखळी दिसत होती. आदल्या दिवशी घाटात ब्रेक लावून लावून ड्रम तापला. लाख वितळून सांध्यातून आत ओघळली आणि ब्रेकच्या पट्ट्यावर जमली. रात्री ती गोठली आणि तिने पट्टा ड्रमला चिकटवून टाकला. सकाळी ड्रायव्हरने जोर लावला तेव्हा पट्ट्याचे अस्तर उखडले आणि फाचरासारखे आत अडकले. उघडण्यापूर्वी हे अनुमानच होते. पण त्यात एकही कडी कच्ची नव्हती.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. लाख सत्तर अंशांच्या आसपास मऊ होते आणि थोडे पुढे गेल्यावर वाहू लागते. पण तिला फार तापवले आणि तापवतच ठेवले, तर ती पुन्हा कधीच वितळत नाही. दगडासारखी होऊन बसते. काकांच्या भट्टीवर अशी लाख झाली की 'मेली' म्हणत आणि फेकून देत. आम्ही दोन मिनिटे ज्योत लावली होती. आतली किती लाख आम्ही मारली होती?

आता आगीऐवजी पाणी. उकळत्या पाण्याने शंभराच्या वर काही जाऊ शकत नाही, म्हणजे उरलेली लाख मरणार नाही. काकू धान उकडायच्या मोठ्या गंजात पाणी तापवू लागल्या. मी ट्रंक उघडून पातळाच्या घडीत गुंडाळलेला माझा तापमापक काढला. हबवर गोणपाट गुंडाळून त्यावर उकळते पाणी ओतायचे, तापमापकाचा फुगा ओल्या चिंधीने लोखंडाला टेकवून ठेवायचा आणि वाचायचे. एकसष्ट. अडुसष्ट. चौऱ्याहत्तर. तिथे पारा अडला. लांब आस आतल्या आत उष्णता ओढून नेत होता.

काकू पदराने हात पुसत दुसरा गंज घेऊन आल्या. "काऊन वो, गाडीले आंघोळ घालून राहिली का? माझ्या लेकीच्या लग्नातही इतकं पाणी नाही लागलं."

"अजून दोन गंज लागतील, काकू."

"मंग सरपण कोण आणते? तुझा तापमापक?"

त्याच वेळी शेजारची खाचर निघाली. तेंदूपानांच्या दिवसांत गावात बैलगाडी मिळणेच कठीण. ही एकच सालेकशाकडे जाणार होती. काका कुंपणाजवळून ओरडले, "सव्वाअकरा झाले! खाचर जाऊन राहिली. बसतेस का नाही?"

मी उभी राहिले. बैल न थांबता चालले तर पाच तास; म्हणजे सव्वाचार. परंतु मे महिन्यातल्या दुपारी बैल न थांबता चालत नाहीत, आणि वाटेत एक तासाची सावली घेतली की गाडी चुकली. उलट लॉरी सुटली तर दीड तास पुरे. सुटली तर. खाचर ही लहान पण निश्चित होत जाणारी हार होती. लॉरी हा मोठा धोका होता, पण निदान त्याच्यावर माझे हात पोचत होते.

"नाही बसत," मी म्हटले.

खाचर वळणाआड गेली आणि लगेच मला वाटले की मी चूक केली. पुढची पाच मिनिटे मी पारा नीट वाचू शकले नाही. एकदा वाचलेला आकडा पुन्हा वाचत होते.

गोणपाटावर धानाच्या कोंड्याचा जाड थर बांधला तेव्हा पारा वर सरकला. ऐंशी. चौऱ्याऐंशी. ड्रायव्हरने वाकलेला पाय सरळ करून पुलर पुन्हा लावला. स्क्रू पाव वळसा फिरला, सांध्यातून ओली तांबडी लाख डोकावली, आणि पुन्हा सगळे थांबले. जिवंत लाख सुटली होती. मेलेली धरून बसली होती.

लाख ओढायला चिवट असते. पिरगळायला ती तितकी चिवट नसते, आणि मेलेली लाख तर काचेसारखी तडकते. हबला ड्रमच्या आतले फाचर घट्ट धरून होते, म्हणजे तो जणू पकडीत होता. फक्त आस फिरवायचा होता. आस फिरवणारे इंजिन समोरच उभे होते.

मी ड्रायव्हरला सांगितले: मागची फक्त उजवी बाजू ओंडक्यांवर टेकवू. डाव्या चाकाला पुढून मागून ओंडके लावून अडवू, म्हणजे सगळा जोर उजव्या बाजूला जाईल. नट दोन वळसे सैल, पण काढायचा नाही. हब उडाला तर त्याने अडवावा. मग एक झटका पुढे, एक मागे.

तो डोके खाजवत म्हणाला, "चाबी कट जाएगी."

"चावी दोन वर्षांपूर्वीच गेली आहे."

"और एक्सल टूटा तो?"

आसाची जाडी मला दिसत होती, त्याच्या पोलादाची प्रत दिसत नव्हती. "तर मी पुढच्या वर्षी जाईन," मी म्हटले.

काका पुढे आले. मला वाटले ते नको म्हणतील. लॉरी त्यांची होती. ते म्हणाले, "मार झटका. पुढच्या सालीची गोष्ट मी बोललो तं बरी लागते, ही बोलली तं बरी नाही लागून राहिली."

पहिला झटका. नुसता हादरा. मागे. पुढे. तिसऱ्या वेळी बंदुकीसारखा आवाज झाला, काकू घरातून ओरडल्या, आणि हब नटावर येऊन तिरपा लटकला. ड्रायव्हर इंजिन बंद करून धावत आला आणि त्याने आसावरून हात फिरवला. आस शाबूत होता. चावीचे दोन तुकडे झाले होते. ड्रममध्ये अस्तर फाचरासारखेच रुतलेले होते, त्यावर लाखेचा चकचकीत लेप.

अर्धेच काम झाले होते. आसाची बैठक ओरखडलेली, हबचे भोक घासून मोठे झालेले. ड्रायव्हर एक जुनी छन्नी कापून कानशीने नवी चावी घासू लागला. पण नुसती चावी घालून हब लडबडत राहिला असता, आणि दोन मैलांत ही चावीही गेली असती. मधली पोकळी भरायला काहीतरी हवे होते. त्या अंगणात मऊ होऊन भोकात शिरेल, गार होऊन घट्ट होईल, आणि आत्ता हाताशी असेल, अशी वस्तू एकच होती.

"काका, चपडा आहे का घरात? गाळलेली, चांगली लाख?"

मग काकांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं का रे? शिकलेल्या बाईलेही आखिर लाखच लागली! कायले मले मघापासून इळा इळा करून राहिला होता?"

"लाख लावलीत ते चुकले नाही," मी म्हटले. "लाख लावून त्याच चाकावर ब्रेक ठेवलात, ते चुकले. आता हा ब्रेक काढून टाकायचा. बाकीच्या तीन चाकांच्या ब्रेकवर उतरायचे, हळू."

ड्रायव्हरने आकाशाकडे पाहिले. "वा. पहले लाख था, ब्रेक भी था. अब सिर्फ लाख."

हब उकळत्या पाण्याने तापवला, चपड्याचा पातळ थर दिला, चावी ठोकली आणि गरम असतानाच नट आवळला. मी अट घातली: हब साठ अंशांच्या वर गेला तर थांबायचे. सत्तरला लाख मऊ पडते. दहा अंश हाताशी राखून ठेवायचे. लाखेची पोती आम्ही घरीच ठेवली. ओझे कमी, ताप कमी.

दोन वाजून दहा मिनिटांनी निघालो. पुढे आम्ही तिघे दाटीने बसलो. दर दोन मैलांनी मी उतरून चाकाशी गुडघे टेकत होते, पारा स्थिरावेपर्यंत दीड मिनिट. उन्हाने लोखंड आधीच तापलेले. सुरुवातच बावन्नला झाली. मग चौपन्न. मग चौपन्नच. मोहाच्या झाडांखालचा रस्ता संपून उतार लागला तेव्हा छप्पन्न. आठव्या मैलाला बासष्ट.

"बासठ तो बासठ," ड्रायव्हर म्हणाला. "तीन मील बचा है. दौड़ा दूँ?"

पावणेचार झाले होते. दौडवली तर तीन मैल वीस मिनिटांचे; पण हब सुटला तर वेळेचा प्रश्नच उरत नव्हता. अट मीच घातली होती आणि ती घालताना माझ्या डोक्यात गाडीची वेळ नव्हती, लाखेचा स्वभाव होता. तो स्वभाव अजून तोच होता.

"थांबायचे."

लॉरीला टांगलेल्या कापडी छागलीतले पाणी ओल्या फडक्याने हबवर पुसत आम्ही बसलो. एकदम ओतायचे नाही, थोडे थोडे. काकांनी विडी पेटवली. मी उठत होते, बसत होते, घड्याळ पाहत होते, ते कानाशी लावून चालू आहे ना ते पाहत होते. जंगलाच्या कडेपलीकडे, रुळांच्या दिशेने, धुराची एक रेघ उठली.

"मालगाडी असन," काका म्हणाले.

"पैसेंजर है," ड्रायव्हर म्हणाला. "मालगाडी का धुआँ काला रहता."

"तुले धुराचं काय समजते? लाखेचं तं समजलं नाही!"

"बोलू नका दोघे," मी म्हटले. सत्तावन्न झाल्यावर आम्ही निघालो.

स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी फलाटावर उभी होती. काकांनी ट्रंक खांद्यावर घेतली आणि ते धावत सुटले. मीही चार पावले धावले, मग थांबले. मला गाडी मिळाली होती. त्यांना अजून अकरा मैल परत जायचे होते, चढाने, त्याच लाखेवर, आणि आता माझ्याशिवाय पारा वाचणारे कोणी बरोबर नसणार होते. त्यांनी लगेच निघावे की सूर्य कलेपर्यंत सावलीत थांबावे, हे मलाच सांगायचे होते. मी वळले आणि चाकाशी गुडघे टेकले.

"अवो माय, गाडी सुटून राहिली!" काका डब्याच्या दारातून ओरडत होते. "काय करून राहिली तिथं?"

"बिटिया, जाओ!" ड्रायव्हर म्हणाला. "मैं हाथ लगा के देख लूँगा."

"हाताला पन्नास आणि सत्तर सारखेच भाजतात."

गार्डची शिट्टी झाली. पारा चढत होता, मग सावकाश चढू लागला, मग थांबला. मी आकडा ड्रायव्हरला ओरडून सांगितला, सावलीत तास दीड तास थांबून मगच निघायला सांगितले, आणि धावले. काकांनी मला दंडाला धरून आत ओढले आणि स्वतः उडी मारून खाली उतरले. डबा हलू लागल्यावर, धाप लागलेली असतानाच, मी पेन्सिल काढून तो आकडा लिहून ठेवला: अठ्ठावन्न.